एकतीस वर्षांचा सिन्नरकर कुणाचा युवा?

आजची पोस्ट सरकारी धोरणाचा दस्तऐवज कसा वाचायचा यावर आहे. पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायची, अशा टप्प्यावर असाल तर जरा सावकाश वाचा. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

माझा विषय होता सिन्नर तालुक्यातल्या तरुणांचा शासकीय युवा कार्यक्रमांतला सहभाग. माळेगाव-मुसळगावच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणारे, पूर्व भागातल्या कोरडवाहू गावांत शेती करणारे आणि कॉलेजात शिकणारे, असे सगळे मी नमुन्यात धरले होते. सादरीकरणात मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "तुझ्या यादीत ३१ वर्षांचा माणूस आहे. तो कुणाच्या हिशोबाने युवा?" मी गप्प. कारण वयोगट मी राज्याच्या धोरणातून उचलला होता आणि आकडेवारी केंद्राच्या अहवालांतून. दोन्हीकडे 'युवा' हाच शब्द, म्हणून माणसंही तीच असणार असं मी धरून चालले होते.

तर भानगड अशी आहे. २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १३ ते ३५ वयाचे लोक युवा होते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतःचं युवा धोरण आणलं, त्यातही १३ ते ३५. दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, केंद्राने नवं धोरण केलं आणि वयोगट १५ ते २९ वर आणला. राज्याचं धोरण जागेवरच राहिलं. त्यामुळे सिन्नरचा ३१ वर्षांचा कार्यकर्ता जिल्हा युवा पुरस्काराला अर्ज करू शकतो, राष्ट्रीय युवा पुरस्काराला नाही. संयुक्त राष्ट्रांची आकडेवारी उघडली तर तिथे युवा म्हणजे १५ ते २४, म्हणजे २६ वर्षांची त्याची बहीणसुद्धा त्या मोजणीतून बाहेर.

हे नुसतं कारकुनी प्रकरण आहे असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण दोन सरकारं 'समन्वयाने' काम करतात असं जेव्हा लिहिलेलं असतं, तेव्हा ती निदान एकाच गटाबद्दल बोलत असावीत ही किमान अपेक्षा आहे. क्रीडा हा विषय राज्यसूचीत स्पष्ट लिहिलेला आहे. 'युवा' अशी वेगळी नोंद सातव्या परिशिष्टात सापडत नाही. मग हा विषय दोघांचाही, आणि अडचण आली की कुणाचाच नाही.

आता २०१४ च्या धोरणातला एक आकडा घ्या. केंद्र सरकार तरुणांवर वर्षाला ९०,००० कोटींहून जास्त, म्हणजे दरडोई साधारण २,७१० रुपये खर्च करतं, असं त्यात म्हटलंय. कॅल्क्युलेटर काढा. ९०,००० कोटींना २,७१० ने भागलं की ३३.२ कोटी येतात. २०११ च्या जनगणनेच्या १२१ कोटींचे २७.५ टक्के काढले तर ३३.३ कोटी. भागाकार बरोबर आहे, १५ ते २९ हाच गट धरलाय. गंमत भागाकारात नाही, अंशात आहे. या ९०,००० कोटींत उच्च शिक्षण, कौशल्य प्रशिक्षण यांच्यासोबत अन्न अनुदानासारखा, खास तरुणांसाठी नसलेला खर्चही मोजला आहे. रेशनचा गहू तरुण खातो हे खरंच आहे. पण त्याला युवा विकासावरची गुंतवणूक म्हणायचं का, हा प्रश्न कितीतरी प्रबंधांत विचारला जात नाही. आकडा तेवढा उद्‌धृत होतो.

सहभागाबद्दल मात्र हे धोरण प्रामाणिक आहे. सरकार आणि तरुण यांच्यात संवादाचे नियमित मार्ग फारसे नाहीत, हे ते स्वतःच कबूल करतं. अकरा प्राधान्यक्षेत्रांत राजकारण आणि शासनातला सहभाग हे एक वेगळं क्षेत्रही आहे. पण तरुणांनी दिलेली सूचना कुठल्या टेबलावर जाईल, ती नाकारली तर कारण कोण कळवेल, याचं बांधील उत्तर मला त्यात सापडलं नाही.

केंद्र आणि राज्य एकत्र येतात तेव्हा प्रत्यक्षात काय उभं राहतं, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. १२ जानेवारी २०२४ ला २७ व्या राष्ट्रीय युवा महोत्सवाचं उद्‌घाटन पंतप्रधानांच्या हस्ते नाशिकला तपोवनात झालं. सिन्नरपासून तीसेक किलोमीटरवर. केंद्राचा कार्यक्रम, यजमान राज्य, आणि देशभरातून आलेले राज्यांचे संघ. लोकनृत्य, लोकगीत, वक्तृत्व. एवढी माणसं आणणं, उतरवणं, जेवू घालणं म्हणजे समन्वयच की. तो जमतो, आणि चांगला जमतो. मात्र तिथे आलेला तरुण स्पर्धक होता, ठरवणारा नव्हता. पुढच्या वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, दिल्लीत याच महोत्सवाला नवं रूप देऊन तरुणांना थेट कल्पना मांडायला बोलावलं. हा बदल मला महत्त्वाचा वाटतो. फक्त त्या कल्पनांचं पुढे काय झालं ते तपासल्याशिवाय 'सहभाग वाढला' असं लिहू नका.

इथे बहुतेक जण रॉजर हार्टची शिडी आणतात. १९९२ ची, आठ पायऱ्यांची, खालच्या तीन पायऱ्या म्हणजे सहभागाचा नुसता देखावा. कार्यक्रम घ्यायचा, त्यावर 'तिसरी पायरी' अशी चिठ्ठी चिकटवायची, प्रकरण संपलं! पण शिडी असं सरसकट मोजमाप म्हणून वापरू नका, असं खुद्द हार्टनेच नंतर लिहून ठेवलंय. ते वाचलेला प्रबंध क्वचित दिसतो.

दुसरं आवडतं उदाहरण युरोपचं. कौन्सिल ऑफ युरोपमध्ये सरकारांचे आणि युवा संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसून युवा कार्यक्रमांचे अग्रक्रम आणि बजेट ठरवतात. ऐकायला छान, आणि आपल्यापेक्षा पुढचं आहेच. पण तिथे बसायला आधी संघटना लागते. माळेगावच्या शिफ्टमधला कंत्राटी मुलगा कुठल्याच संघटनेत नाही. त्याच्यासाठी जवळची जागा ग्रामसभाच. तिथे १८ पूर्ण झाल्यावर बसता येतं, ग्रामपंचायतीला उभं राहायला २१ लागतात, विधानसभेला २५. म्हणजे केंद्राच्या हिशोबातल्या पंधरा युवा वर्षांपैकी पहिली तीन बिनमताची, आणि आमदारकीला उभं राहण्यासाठी शेवटची पाचच.

मी सिनॉप्सिस बदलली. आता १५ ते २९ आणि ३० ते ३५ हे दोन गट वेगळे आहेत, आणि निष्कर्षही वेगळेच मांडणार आहे. प्रश्नावलीत 'तुम्ही सहभागी झालात का?' हा प्रश्न काढून टाकला, कारण त्याला सगळे 'हो' म्हणतात. त्याऐवजी विचारते, 'गेल्या वर्षभरात तुमचं मत कुणी विचारलं का, आणि त्याचं काय झालं?' पहिल्या चाचणीत एका ३१ वर्षांच्या दादाने सांगितलं, "विचारलं ना, टी-शर्टची साईज." हे उत्तर कोडिंगमध्ये कुठे बसवायचं यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.