आजाऱ्यांची वेगळी पंगत

मंडळी, आता अमेरिकेतल्या ‘हाय-रिस्क पूल’कडे येऊ. म्हणजे जास्त जोखमीच्या माणसांचा वेगळा विमा-गट. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार असं काही कागदावर दिसलं की खासगी कंपनी अर्ज नाकारायची. अशांसाठी १९७६ मध्ये मिनेसोटा आणि कनेक्टिकट या राज्यांनी आपली योजना काढली; पुढे ती ३५ राज्यांत पसरली. हेतू चांगलाच होता. आमची तक्रार रचनेबद्दल आहे.

विमा चालतो कशावर? ज्याला यंदा दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही, त्याचा हप्ता ज्याला लागली त्याच्या बिलात जातो. इथे निरोगी माणसं कंपन्यांकडे राहिली आणि आजाऱ्यांची पंगत वेगळी मांडली. मग हप्त्यांतून खर्च भागणार कसा? बाजारभावाच्या दीडपट-दुप्पट हप्ता घेऊनही तूट यायचीच. ती भरायला राज्याचा पैसा, नाहीतर विमा कंपन्यांवरची आकारणी. पैसा आटला की दार अरुंद. कॅलिफोर्नियाने वर्षाला ७५,००० डॉलरची मर्यादा घातली, वर प्रतीक्षायादी. कर्करोगाच्या उपचारात एवढे पैसे किती पुरणार? फ्लोरिडाने तर १९९१ पासून नवीन माणूस घेणंच बंद केलं.

सगळ्यात खटकतं ते पुढेच. बहुतेक राज्यांत आधीपासूनच्या आजाराचा खर्च पहिले सहा महिने ते वर्षभर मिळत नसे. म्हणजे ज्या आजारामुळे माणूस इथे आला, नेमका तोच वगळून विमा! (हसू नका. आपल्याकडच्या पॉलिसीतही ‘पूर्वीचा आजार’ म्हणून तीन वर्षांपर्यंत थांबवता येतं.) २०११ अखेर ३५ राज्यं मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं या योजनांत होती. यावरून ‘गरजच फारशी नव्हती’ असं कुणी म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. दाराला कुलूप लावायचं आणि आत गर्दी नाही म्हणायचं, असला तो हिशेब.

मिनेसोटात मात्र योजना बरी चालली, हजारोंना तिचाच आधार होता. ते नाकारायचं कारण नाही. २०१४ पासून कायद्याने आजारावरून अर्ज नाकारणं बंद झालं आणि बहुतेक राज्यांनी हे पूल गुंडाळले. तरी २०१७ मध्ये तिथल्या प्रतिनिधीगृहाने संमत केलेल्या विधेयकात ही कल्पना पुन्हा डोकावली. सिनेटमध्ये तो बेत अडला. उद्या तो परत आला, तर आमचा प्रश्न एवढाच: तूट कोण भरणार, आणि किती वर्षं?