कोकराने लिहिलेली डुकराची गोष्ट

गुरुवार असावा, साबुदाण्याची खिचडीही संपलेली असावी, अशा वेळी माणसाने चार्ल्स लॅमचा भाजलेल्या डुकरावरचा निबंध वाचू नये. मी वाचला. खारदांड्याला राहून, वाळत्या बोंबलांच्या वासालाही दर गुरुवारी दाद न देणारे माझे नाक पुस्तकातल्या डुकराला मात्र शरण गेले. १८२२ सालचा हा निबंध लिहिणाऱ्याच्या आडनावाचा अर्थ कोकरू, हा आणखी एक विनोद!

गोष्ट चीनमधली म्हणून सांगितली आहे. बो-बो नावाच्या उपद्व्यापी पोराच्या हातून ठिणगी उडते, घर जळते, आत नऊ पिल्ले होरपळतात. पोर चाचपायला जाते, बोटे भाजतात, ती तोंडात जातात आणि जगाला नवी चव कळते! बापलेकांवर खटला होतो. ज्यूरी पुराव्याला हात लावते, बोटे चाटते आणि जागेवरूनच ‘निर्दोष’ म्हणते. मग काय, जो तो आपले घर पेटवू लागतो. शेवटी एक शहाणा सांगतो, की बाबांनो, एवढ्यासाठी अख्खे घर नको जाळायला.

टीकाकार या नात्याने माझा आक्षेप असा, की लॅम घरावरून एकदम लोखंडी जाळीवर उडी मारतो. मधला खड्डा विसरतो. हवाई बेटांवर खड्ड्यात दगड तापवतात, केळीची पाने घालून अख्खे डुक्कर ठेवतात आणि वर माती लोटून तासन्‌तास वाट बघतात. डुक्कर सोडा, आपल्या रायगडात थंडीत पोपटी लावतात ती काय वेगळी? मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने बंद, मडके उपडे, भोवती जाळ. घर शाबूत, आणि भोवती वाट बघणारी दहा माणसे!

हे सारे मी आमच्या कोळीणमावशींना ऐकवले. गुरुवार म्हणून त्या पाटी न उतरवता नुसत्याच दारात टेकल्या होत्या. सगळे ऐकून त्यांनी एकच विचारले,

“आनि वाटला कुनाला?”

मी पुस्तक पुन्हा उघडले. लॅम स्पष्ट सांगतो, की बाकीचे पदार्थ मित्रांना खुशाल देईन, पण डुक्कर नाही. लहानपणी आत्याने दिलेला केक एका भिकाऱ्याला देऊन टाकला, त्याचा पस्तावासुद्धा त्याने लिहून ठेवला आहे. माझ्या खड्ड्याच्या आक्षेपापेक्षा मावशींचा आक्षेप फार खोल होता.

तरी वकिलपत्र घेतले. म्हटले, “मावशी, १७९६ साली या माणसाच्या बहिणीने वेडाच्या भरात आईला मारले. हा तेव्हा २१ वर्षांचा. त्याने तिला जन्मभर सांभाळले. लग्न केले नाही. ईस्ट इंडिया कंपनीत ३३ वर्षे खर्डेघाशी केली. ज्याचे घर असे जळले, त्याने जळक्या घरावर लोकांना हसवले. द्यायचे ते सगळे त्याने आधीच देऊन टाकले होते.”

मावशी जरा वेळ गप्प राहिल्या. मग पाटी सावरीत उठल्या.

“मंग खाऊ दे त्याला एकट्याला.”

बो-बोच्या ज्यूरीनेसुद्धा चव घेतल्यावाचून निकाल दिला नव्हता. मावशींनी न चाखताच आरोपीला सोडला.