व्हीआर आणि गोळी : ही बेरीज नव्हे

चिंताविकारावर ‘व्हीआर अधिक औषध’ म्हटलं की आपण मनात लगेच बेरीज करतो. चष्म्याचा गुण एवढा, गोळीचा एवढा, मिळून दुप्पट. पण पुरावा ही बेरीज मान्य करत नाही.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठात केरी रेसलर, बार्बरा रॉथबॉम, मायकल डेव्हिस यांच्या गटाने केलेला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. उंचीची भीती असलेल्या २८ जणांना आभासी काचेच्या लिफ्टमधून वर नेलं. सत्रं दोनच. सत्राआधी काहींना डी-सायक्लोसेरीन दिलं, काहींना औषध नसलेली गोळी. औषधवाल्यांची भीती जास्त उतरली, तीन महिन्यांनीही फरक टिकला.

हे मुळात क्षयरोगावरचं औषध. ते माणसाला शांत करत नाही. ‘घाबरलो, पण काही वाईट घडलं नाही’ हा धडा मेंदूत पक्का व्हायला ते हातभार लावतं. मेख इथेच आहे. धडाच उलटा झाला तर? उंचीच्या भीतीवरच्याच दुसऱ्या एका प्रयोगाची आकडेवारी जास्पर स्मिट्स यांच्या गटाने २०१३ मध्ये मांडली. सत्र संपताना भीती खाली आली असेल तर औषधाचा फायदा, ती वरच राहिली तर तोटा. म्हणजे औषध चांगल्या सत्राबरोबर वाईट सत्रही पक्कं करू शकतं.

मग २०१४. रॉथबॉम यांच्याच गटाने इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या, युद्धाच्या आघातातून न सावरलेल्या १५६ सैनिकांवर व्हीआर उपचार केले. सत्राआधी कुणाला डी-सायक्लोसेरीन, कुणाला अल्प्राझोलाम, कुणाला औषध नसलेली गोळी. तिन्ही गट सुधारले. डी-सायक्लोसेरीन एकूणात सरस ठरलं नाही. आणि अल्प्राझोलाम? तीन महिन्यांनी तो गट औषध नसलेल्या गोळीच्या गटापेक्षा मागे होता.

अल्प्राझोलाम आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, म्हणून हे महत्त्वाचं. भीतीला सामोरं जाण्याआधीच ती दाबली, तर शिकायचं काय उरलं? अर्थात, चालू गोळी कुणी मनाने बंद करू नये. ते धोक्याचं असतं.

माझा आक्षेप औषधाला नाही, चष्म्यालाही नाही. २८ जणांचा निकाल सगळ्या चिंताविकारांना लावण्याला आहे. असा जोडउपचार कुणी सुचवला, तर डॉक्टरांना एवढंच विचारा : ही गोळी मला शांत करायला आहे, की शिकायला?