'अर्ध सत्य' : वर्दीतली बाजू आणि कोठडीतली बाजू

कर्जतला येऊन एका हिंदी पोलिसपटावर बोलायचं, याला कारण आहे. 'अर्ध सत्य' आला १९८३ साली. दिग्दर्शक गोविंद निहलानी. पण कथा मराठी, श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य'. पटकथा विजय तेंडुलकरांची. नायक अनंत वेलणकर मोठ्यानं वाचतो ती कविता दिलीप चित्रे यांची. आणि त्यातला रामा शेट्टी म्हणजे आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकर. तेव्हा हा सिनेमा निम्मा तरी आपला आहे. त्याचं कौतुक करायचा हक्क आपला आणि त्याचे कान धरायचा हक्कही आपलाच.

आधी कौतुक. १९७३ च्या 'जंजीर'पासून पडद्यावरचा इन्स्पेक्टर म्हणजे एकटा सगळ्यांना पुरून उरणारा गडी, असं ठरून गेलं होतं. 'अर्ध सत्य'नं त्याला नोकरीत आणून बसवलं. इथलं पोलीस ठाणं हे एक कचेरी आहे. वेलणकर शेट्टीची माणसं पकडतो आणि वरून दबाव आला की ती सुटतात. पराक्रम तो करतो, श्रेय दुसऱ्याच्या नावावर जातं. त्याचा वरिष्ठ हैदर अली माणूस वाईट नाही. तो फक्त व्यवस्थेत निभावून कसं न्यायचं ते जाणतो. नसीरुद्दीन शहांचा माइक लोबो, नोकरी गेलेला आणि दारूत बुडालेला, म्हणजे वेलणकरला दिसणारं त्याचं स्वतःचं उद्याचं रूप.

दुसरं बळ म्हणजे घर. अमरीश पुरींनी केलेला बाप स्वतः पोलिसात होता. तो बायकोवर हात उचलायचा आणि पोरगा बघत राहायचा. पोराला शिकायचं होतं, बापानं त्याला वर्दीत घातलं. हिंसा ठाण्यात जन्मत नाही, ती घरातून डब्यासारखी बरोबर येते, हे या सिनेमानं भाषण न ठोकता दाखवलं.

तिसरं बळ अमरापूरकर. 'हँड्स अप' या मराठी नाटकातलं काम बघून निहलानींनी त्यांना घेतलं. त्यांचा रामा शेट्टी आवाज चढवत नाही. त्याला गरजच पडत नाही, कारण काम आधीच झालेलं असतं. गावगाड्यात अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, म्हणून तो जास्त खरा वाटतो. ओम पुरींना या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि अमरापूरकरांना फिल्मफेअर.

आता कान धरू. उतरणीला लागलेला वेलणकर कोठडीत एका भुरट्या चोराला मारतो, आणि तो चोर मरतो. आमच्या मते सिनेमाचा खरा मध्य इथं आहे. पण पटकथा तिथं थांबत नाही. मेलेल्या माणसाच्या घरी कॅमेरा जात नाही. त्याला बायको होती का, आई होती का, प्रेत कुणी नेलं? कळत नाही. त्याचं मरण म्हणजे नायकाच्या निलंबनाचं निमित्त.

हे त्यांना जमलं नसतं असं म्हणता येत नाही. तीनच वर्षं आधी, १९८० मध्ये, याच निहलानी-तेंडुलकरांनी 'आक्रोश' केला. त्यात हेच ओम पुरी आरोपी आदिवासी लहाण्या भिकू होते. तो बोलत नव्हता, पण त्याचं झोपडं, त्याची बायको, बहीण, म्हातारा बाप आपल्याला दिसत होते. 'अर्ध सत्य'मध्ये नटाच्या अंगावर वर्दी आली आणि गजाआडच्या माणसाचं घर गेलं.

मग शेवट. निलंबित वेलणकर मदतीसाठी शेट्टीकडे जातो, शेट्टी त्याची किंमत लावतो, आणि हा त्याचा गळा दाबतो. नंतर स्वतः ठाण्यात हजर होतो. या प्रसंगाला प्रेक्षक टाळी देतो. आम्हीही दिली होती. पण जरा आठवून बघा, हात तेच आहेत. चोर मेला तेव्हा आपण गप्प बसलो आणि शेट्टी मेला तेव्हा मोकळं वाटलं. जे 'जंजीर'चं औषध सिनेमानं दोन तास नाकारलं, तेच शेवटी आपल्याला पाजलं. या रागाला अडवू शकली असती ती स्मिता पाटीलांची ज्योत्स्ना. ती प्राध्यापिका आहे, हिंसेवर वेलणकरला टोकते. पण तिला प्रश्न विचारायला ठेवलंय, कथेची दिशा बदलायला नाही.

हे कर्जतमध्ये बोलायचं कारण असं की, आपल्या भागात पारधी वस्त्या आहेत. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की पहिलं बोट कुठं दाखवलं जातं, हे इथं कुणाला सांगायला नको. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अटकेचे नियम घालून दिले. अटकेची खबर नातेवाइकाला किंवा जवळच्या माणसाला गेली पाहिजे, अटकेच्या कागदावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठिताची साक्ष पाहिजे. म्हणजे कायद्यानं जे मान्य केलं ते हेच, की गजाआडच्या माणसाला घर असतं.

तेव्हा 'अर्ध सत्य' जरूर बघा. वर्दीतल्या माणसाचं दुःख इतक्या प्रामाणिकपणे सांगणारे सिनेमे आपल्याकडे फार नाहीत. फक्त कोठडीचा प्रसंग आला की क्षणभर थांबवा, आणि त्या चोराचं घर कुठं असेल ते आपापल्या मनात शोधा. सिनेमानं ते शोधलं नाही.