अरुणा शानबाग निकाल: परिचारिकेचं निरीक्षण पुरावा आहे की नुसती माया?

संशोधनाची तयारी करताय ना? मग अरुणा शानबाग प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा ७ मार्च २०११चा निकाल मुळातून वाचा. इच्छामरणाच्या वादासाठी नव्हे, पुरावा कोणाचा धरला जातो ते बघायला.

न्यायालयाने केईएमच्या परिचारिकांचं भरभरून कौतुक केलं. पिंकी विराणींऐवजी रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनाच अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क दिला. पण तिला तपासायला नेमलेल्या समितीत तिघेही डॉक्टर. पुढच्या प्रकरणांसाठी आखलेल्या पद्धतीतही तीन डॉक्टरच. परिचारिका कुठेच नाही.

इथे निकाल कमी पडतो. ३७ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला बेडसोर होत नाहीत, ते नुसत्या मायेने नाही. वेळेवर कूस बदलणं, त्वचा न्याहाळणं, धोका आधीच ओळखणं, हा क्लिनिकल निर्णय आहे.

जिव्हाळ्यामुळे निरीक्षण एकांगी होऊ शकतं, हा आक्षेप खराच. पण त्यावर उपाय म्हणजे नोंदी ताडून पाहणं; निरीक्षकालाच बाहेर ठेवणं नव्हे.

उद्या पेण-रोह्याच्या एखाद्या वॉर्डात माहिती गोळा करायला जाल, तेव्हा रीतसर परवानगी काढून रात्रपाळीची नोंदवहीही वाचा.