छायाचित्रातील प्रमाण : डिचोली आणि पेडणे येथील भूदृश्यांच्या निमित्ताने

मराठीत 'प्रमाण' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेले प्रमाण म्हणजे आकारांचे परस्परांशी असलेले नाते. वादात किंवा न्यायात मागितले जाणारे प्रमाण म्हणजे पुरावा. उर्दूत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. पहिल्यासाठी तनासुब किंवा पैमाना, तर दुसऱ्यासाठी सबूत किंवा दलील. भूदृश्याच्या, म्हणजे आपण ज्याला ढोबळपणे निसर्गदृश्य म्हणतो त्याच्या छायाचित्राविषयी बोलताना मात्र मराठी शब्दच अधिक उपयोगी पडतो, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. ज्या छायाचित्रात आकाराचे प्रमाण कळत नाही, ते सुंदर असू शकते, परंतु ते कशाचेही प्रमाण होऊ शकत नाही.

हा प्रश्न केवळ छायाचित्रकारांचा नाही. पदवीच्या वर्गांना पर्यावरण अभ्यास हा विषय लागू झाल्यापासून आपले विद्यार्थी प्रकल्पवहीत डोंगर, नदी, खाण, समुद्रकिनारा यांची छायाचित्रे चिकटवीत आले आहेत. आता तर ती मोबाईलवरच काढली जातात. भाषेच्या शिक्षकाने निबंधातील अतिशयोक्ती दाखवून द्यावी, तशी छायाचित्रातील अतिशयोक्ती कोणी दाखवीत नाही. गोव्यातील डिचोली आणि पेडणे हे दोन तालुके या दृष्टीने फार बोलके आहेत. एकात जमीन खोल खणली गेली, दुसऱ्यात सपाट पठारावर विमानतळ उभा राहिला, आणि दोन्हीकडे पर्यटनाच्या जाहिरातींचे छायाचित्रण जोरात चालू आहे.

मापाचे काम कसे चालते

कॅमेऱ्याला उंची किंवा अंतर कळत नाही. त्याला फक्त कोन कळतो. जवळचा दगड आणि दूरचा डोंगर चित्रात सारखीच जागा व्यापू शकतात. म्हणून आकार समजण्यासाठी ज्याची उंची पाहणाऱ्याला आधीच ठाऊक आहे अशी एखादी वस्तू चित्रात असावी लागते : माणूस, गाय, दरवाजा, होडी, रेल्वेचा डबा. परंतु ती वस्तू मोजायच्या गोष्टीइतक्याच अंतरावर असली पाहिजे. समजा, छापलेल्या चित्रात कड्याच्या पायथ्याशी उभा असलेला माणूस ४ मिलिमीटर आहे आणि कडा ८० मिलिमीटर. मग कडा माणसाच्या वीस पट, म्हणजे सुमारे ३३ मीटर उंच. तोच माणूस कॅमेऱ्याच्या चार पावलांवर उभा केला, तर हे गणित कोसळते.

भिंगाची निवडही येथे महत्त्वाची आहे. दूर उभे राहून लांब पल्ल्याच्या भिंगाने चित्र घेतले की पुढची वस्तू आणि मागचा डोंगर एकमेकांना खेटून येतात व डोंगर अंगावर आल्यासारखा वाटतो. रुंद कोनाच्या भिंगाने जवळून घेतले की पायाजवळचे डबके तळ्याएवढे आणि डोंगर टेकडीएवढा होतो. यात भिंग खोटे बोलत नाही. कोठे उभे राहायचे हे माणूस ठरवतो.

गोव्यातील सर्वांच्या परिचयाचे उदाहरण दूधसागरचे आहे. तो या दोन तालुक्यांत नाही, परंतु मुद्दा समजण्यास सोपा आहे. ३१० मीटर उंचीच्या या धबधब्याच्या ऐन मधून रेल्वेचा पूल जातो. नुसत्या पाण्याचे चित्र पाहून उंचीचा अंदाज येत नाही. त्याच चित्रात गाडी आली की येतो, कारण डब्याची लांबी सुमारे २४ मीटर आणि डबे आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. तेरा डबे एकावर एक उभे केले तर धबधब्याची उंची होते, हे विद्यार्थी स्वतः काढू शकतो. गाडी धबधब्याला लागूनच जाते, म्हणून हे माप विश्वासार्ह आहे.

मापदंड झालेला माणूस

छायाचित्रात मापासाठी माणूस उभा करण्याची पद्धत या माध्यमाइतकीच जुनी आहे. फ्रेंच लेखक माक्सीम द्यु काँ हा १८४९ ते १८५१ या काळात कादंबरीकार फ्लोबेरबरोबर इजिप्त व पूर्वेकडील प्रदेशांत फिरला आणि त्याने १८५२ मध्ये आपल्या छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले. प्राचीन मंदिरे व पुतळे यांची भव्यता कळावी म्हणून तो आपल्या नौकेवरील हाजी इस्माईल या नूबियन खलाशाला त्यांच्यावर चढवी. अबू सिंबेल येथील सुमारे २० मीटर उंचीच्या पुतळ्याच्या माथ्यावर बसलेला हा माणूस ठिपक्याएवढा दिसतो. त्या काळी चित्र उमटायला वेळ लागे, म्हणून त्याने हलू नये यासाठी भिंगाची पितळी नळी ही तोफ आहे आणि हललास तर ती उडेल, असे द्यु काँने त्याला सांगितले होते. ही हकिकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे.

प्रमाणाच्या दृष्टीने ही चित्रे निर्दोष आहेत. पुतळ्याला टेकलेला माणूस, अंतर तेच, माप अचूक. परंतु त्यात माणसाचे काम गजाच्या पट्टीचे आहे. तो त्या भूमीच्या जवळचा असूनही त्या चित्राचा विषय नाही. आपल्याकडे १८६३ पासून हिमालयात छायाचित्रण करणाऱ्या सॅम्युएल बोर्नच्या मोहिमांतही अवजड काचा व पेट्या वाहणारे हमाल मोठ्या संख्येने होते. बोर्नचे नाव राहिले, त्यांचे राहिले नाही.

याच्या उलट टोकाला आजची एक लोकप्रिय चाल आहे : कड्याच्या टोकावर पाठमोरा उभा असलेला एकटा प्रवासी. हिचे मूळ कास्पार डेव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराच्या सुमारे १८१८ मधील धुक्याच्या सागरावरील पांथस्थाच्या चित्रापर्यंत नेता येते. येथे माणूस दिसतो, पण माप होत नाही, कारण तो सहसा कॅमेऱ्याजवळ आणि दृश्य दूर असते. हाजी इस्माईलच्या चित्रात माणूस नाममात्र होता. येथे भूमी नाममात्र होते.

डिचोली : तळे की खाण?

डिचोली तालुक्याची अनेक दशकांची ओळख लोहखनिजाची. २०१०-११ या वर्षी गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. एवढी संख्या वाचून मनात कोणतेही चित्र उभे राहत नाही. दहा टनी टिपरच्या हिशेबाने त्या ५० लाखांहून अधिक खेपा होतात, असे म्हटले की उभे राहू लागते. टिपर हे गोव्याच्या खाणपट्ट्यातील प्रत्येकाला ठाऊक असलेले माप आहे. शिवाय एक टन खनिजासाठी साधारण अडीच ते तीन टन माती व दगड बाजूला टाकावे लागतात. त्यांचे ढिगारे आज टेकड्यांसारखे दिसतात, आणि नुसत्या चित्रावरून ते टेकड्या नव्हेत हे बाहेरच्या माणसाला ओळखता येत नाही.

२०१२ मध्ये राज्यातील खाणकाम थांबले. पुढे काही काळ ते मर्यादित प्रमाणात चालले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन ते पुन्हा बंद पडले. २०२२ च्या अखेरीस लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात बंद खाणींच्या खड्ड्यांत पाणी साचले. तांबड्या काठाचे हिरवे-निळे पाणी छायाचित्रात अतिशय मोहक दिसते. ड्रोनने वरून घेतलेल्या चित्रात तर ते रंगाचा एक तुकडाच होऊन जाते. त्यात माणूस नसतो, क्षितिज नसते, टिपर नसतो. हे गावचे तळे आहे की शेकडो फूट खोल खड्डा, हे चित्र सांगत नाही.

त्याच जागेचे दुसरे चित्र कल्पून पाहू. तळाशी, भिंतीला लागून, बाजूने दिसणारा एक टिपर आहे. त्याची लांबी सुमारे ७ मीटर. छापील चित्रात तो ५ मिलिमीटर आणि त्याच्यामागची भिंत ६० मिलिमीटर असेल, तर भिंत ८४ मीटरच्या आसपास ठरते. हे चित्र कमी मोहक असेल, पण त्यावर वाद घालता येईल, ते तपासता येईल.

तरीही टिपर हे खाणीच्या बाजूचे माप आहे. शिरगावसारख्या गावात खड्ड्यांचा प्रश्न विहिरींच्या पाण्याशी जोडलेला आहे, कारण या पट्ट्यातील काही खड्ड्यांचे तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेले आहेत आणि भूजल त्यांच्याकडे ओढले जाते. तेथे योग्य माप गावची विहीर हेच होय. विहिरीचा कठडा, आत उतरत गेलेला दोर आणि पलीकडे खाणीची कड एकाच चौकटीत आली, तर पाहणाऱ्याला दोन खोलींची तुलना करण्याचे कारण मिळते. यात अंतराचा नियम मात्र मोडतो. विहीर जवळ आणि खाण दूर असल्याने मिलिमीटरचे गणित चालत नाही. म्हणून अशा चित्राखाली दोन्हींची मोजलेली खोली लिहावीच लागते.

येथे कॅनडाच्या एडवर्ड बर्टिन्स्की यांचे काम आठवते. चितगावजवळील जहाजतोडणीच्या त्यांच्या चित्रांत, साधारण २००० सालातील, गंजलेल्या पोलादी भिंतींपुढे मजूर मुंगीएवढे दिसतात. प्रमाण स्पष्ट आहे, आघातही होतो. पण त्या मजुराचा दिवस कसा जातो, हे आपल्याला कळत नाही. भव्यतेची भूल पडते. खाणीच्या चित्रात हाच धोका आहे : नाश इतका भव्य दिसावा की त्याचे दुःखच वाटू नये.

डिचोलीतच नमाजगाह ही वास्तू आहे. औरंगजेबाचा पुत्र शहजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला असताना सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती बांधली गेली, असे परंपरा मानते. नमाजगाह किंवा ईदगाह म्हणजे छप्पर नसलेली जागा. पश्चिमेची भिंत आणि तिच्यापुढे मोकळे मैदान. नुसत्या भिंतीचे चित्र घेतले तर ती एक लहानशी पडकी वास्तू वाटते. परंतु या वास्तूचा आकार भिंतीत नसून मैदानात मावणाऱ्या सफांत, म्हणजे खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या ओळींत आहे. म्हणून मैदानासकट, मागे जाऊन घेतलेले चित्रच तिचे खरे माप देते. जी जागा ज्या कामासाठी निर्माण झाली, त्या कामातच तिचे माप दडलेले असते.

पेडणे : रिकामे वाटणारे पठार

डिचोलीत अडचण खोलीची, तर पेडण्यात रुंदीची. मोपाच्या पठारावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. त्यापूर्वी २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकल्पाची पर्यावरण परवानगी स्थगित केली होती. अर्जात परिसराची आवश्यक माहिती दिली गेली नव्हती, हे त्याचे एक प्रमुख कारण. १६ जानेवारी २०२० रोजी अटींसह स्थगिती उठली.

ही माहिती सुटणे कायद्याचा विषय आहे, पण नजरेचाही आहे. कोकण-गोव्यातील जांभ्याचा सडा छायाचित्रात नेहमीच रिकामा दिसतो. उभे काही नाही, खडक काळसर, गवत वाळलेले. उन्हाळ्यात उभ्या माणसाच्या उंचीवरून काढलेले चित्र 'पडीक जमीन' या शेऱ्याला आधारच देते. पावसाळ्यात मात्र अशाच सड्यांवर दवबिंदू, सीतेची आसवे यांसारख्या बोटभर उंचीच्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात आणि मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांना पुरवले जाते. सड्याचे चित्र म्हणून दोन मापांत घ्यावे लागते : एक गुडघे टेकून, बोटाच्या मापाने, दुसरे दूरवरून, गुरे किंवा गुराखी यांच्या मापाने. यांपैकी एकच घेतले तर अर्धे सत्य हाती येते.

किनाऱ्यावर उलट प्रकार आढळतो. तेरेखोलचा किल्ला आकाराने लहान. केरीच्या बाजूने लांब पल्ल्याच्या भिंगाने तो टिपला की नदी आखडते आणि किल्ला दुर्गम भासतो. चित्रात फेरीबोट व तिच्यातील माणसे येऊ दिली, तर नदीची रुंदी आणि किल्ल्याचा बेताचा आकार दोन्ही कळतात. शिवाय तेरेखोल नदीपलीकडे असल्याने फेरीबोटीवर किती अवलंबून राहिले, हेही कळते. येथे माप आणि माहिती एकच होतात.

निष्कर्ष

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. कलावंताला प्रमाण लपविण्याचा अधिकार नाही काय? आहे. मीर अनीस (१८०३–१८७४) यांच्या मर्सियांतील मंजरनिगारी करबलाच्या रणात दवाचा थेंबही मोठा करते, आणि त्यात काव्याचा न्याय आहे. परंतु तेथे तहानलेला माणूस कधीच नजरेआड होत नाही. छायाचित्र जेव्हा जाहिरातीतून, अहवालातून किंवा प्रकल्पवहीतून येते, तेव्हा ते 'हे असे आहे' म्हणून पुढे केले जाते. त्या दाव्याबरोबर प्रमाणाची जबाबदारी येते.

म्हणून वर्गात छायाचित्र वापरताना शिक्षकांनी चार प्रश्न विचारावेत. चित्रात ओळखीच्या आकाराचे काय आहे? ते मोजायच्या वस्तूइतक्याच अंतरावर आहे काय? ते माप कोणाच्या आयुष्यातले आहे, तेथे राहणाऱ्याच्या की तेथून जाणाऱ्याच्या? आणि माणूस मापासाठी उभा असेल तर त्याची संमती व त्याची इच्छा असल्यास त्याचे नाव चित्राखाली आहे काय? त्यासोबत ठिकाण, दिशा, महिना आणि मोजलेला एखादा आकडा लिहिण्याची सवय लावावी. एवढ्याने विद्यार्थी मोठा छायाचित्रकार होणार नाही. पण आपल्या तालुक्याची जमीन दाखविणारे चित्र समोर आले की ते कोणत्या मापाने घेतले आहे, असे तो विचारू लागेल. खाणी पुन्हा सुरू होत असताना आणि पठारांवर नवे आराखडे आखले जात असताना डिचोली-पेडण्यातील मुलांना हा प्रश्न विचारता येणे आवश्यक आहे.