फुटलेलें रहस्य

क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथेचा वाचक एका बाबतींत पुस्तकाच्या वाचकाहून भाग्यवान असतो. पुस्तक हातीं असलें म्हणजे उत्सुकता अनावर होतांच शेवटचें पान उलटण्याचा मोह होतो, आणि बहुधा तो आवरत नाहीं. क्रमशः कथेच्या वाचकास ही सोय नाहीं. पुढील अंकापर्यंत त्याला थांबावेंच लागतें, आणि त्या अवधींत तो स्वतःच कथेचा अर्धा लेखक बनतो. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' १८९० पासून 'करमणुकी'तून येऊं लागली, तेव्हां यमूच्या नशिबीं पुढें काय वाढून ठेवलें आहे याचे तर्क घरोघरीं चालले असतील, हें सांगावयास पुराव्याची गरज नाहीं. डिकन्स तर १८७० सालीं 'एडविन ड्रूड'चें रहस्य अर्धवट टाकून वारला. योजलेल्या बारा भागांपैकीं सहाच लिहून झाले होते. त्या कथेंतील खुनी कोण, किंबहुना खून झाला कीं नाहीं, यावर गेलीं दीडशें वर्षें विद्वान् व अविद्वान् असे दोघेही हिरिरीनें वाद घालीत आले आहेत. उत्तर मिळण्याची आशा नसतांही तर्काची गोडी ओसरत नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आज हा प्रकार सर्वांत ठळकपणें दिसतो तो अमेरिकेंतील सुपरहिरोंच्या चित्रकथांत. १९६४ पासून निघूं लागलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधील वेताळ आमच्या वाचकांपैकीं कित्येकांना लहानपणापासून ठाऊक असेल. परंतु वेताळाची गोष्ट बहुधा त्याच्या एकट्याची असे. डीसी व मार्व्हल या दोन अमेरिकन प्रकाशनसंस्थांची रीत निराळी. त्यांच्या मालिका अनेक, नायक शेंकडों, आणि त्या त्या संस्थेचे सारे नायक एकाच जगांत नांदतात अशी समजूत. मधूनमधून असें एखादें संकट योजावयाचें कीं, त्याच्या निवारणासाठीं सगळ्या मालिकांतील मंडळी एकाच कथेंत जमावी. यास तिकडे 'क्रॉसओव्हर' म्हणतात. आपल्या पुराणांत एखाद्या असुराच्या पारिपत्यासाठीं सारे देव आपापलीं आयुधें घेऊन एकत्र येतात, त्यांतलाच हा मासला. अशा कथेंत कोणी तरी मरणार, कोणी तरी फितूर निघणार, कोणाचा तरी मुखवटा गळून पडणार, हें ठरलेलें. कोण, तें मात्र गुप्त. आणि वाचकांची सारी बुद्धि त्या 'कोण'वर खर्ची पडते.

या तर्कांना खतपाणी घालतो तो प्रकाशकच. अमेरिकेंत हीं मासिकें मुख्यतः कॉमिकच्या खास दुकानांतून विकलीं जातात. दुकानदारानें आपली मागणी दोनतीन महिने आधीं नोंदवावयाची, आणि न खपलेल्या प्रती बहुधा परत घ्यावयाच्या नाहींत, असा तेथील व्यवहार. साहजिकच माल काय आहे हें त्याला आधीं सांगणें भाग पडतें. म्हणून आगामी अंकांच्या यादींत मुखपृष्ठाचें चित्र व चार ओळींचा मजकूर छापतात. मजकूर फार स्पष्ट असला तर रहस्य फुटतें. फार मोघम असला तर मागणी येत नाहीं. क्वचित् मजकुराच्या जागीं 'गुप्त' एवढाच शब्द असतो, आणि त्या एका शब्दावर वाचक पानेंच्या पानें लिहितात. ज्यानें कोडें घातलें त्यानेंच कोपऱ्यांत उत्तराचीं दोन अक्षरें छापावीं आणि मग कोणी तें सोडविलें म्हणून रागवावें, असा हा विनोद आहे.

परंतु वाचकाचा तर्क खरा ठरूं लागला तर लेखकानें काय करावें, हा प्रश्न विनोदाचा नाहीं. त्याची कसोटी पाहणारें उदाहरण १९९१ सालीं घडलें. त्या वर्षीं डीसीनें 'आर्मागेडन २००१' नांवाची कथा काढली. आरंभीं एक अंक, अखेरीस एक अंक आणि मध्यें निरनिराळ्या नायकांचे वार्षिकांक, अशी तिची मांडणी. कथेचें बीज असें: इ. स. २०३० मध्यें साऱ्या जगावर मोनार्क नांवाच्या एका चिलखतधारी जुलमी पुरुषाची सत्ता आहे. हा मोनार्क पूर्वी सुपरहिरो होता व २००१ सालीं तो फिरला, इतकेंच ठाऊक. तो मुळांत कोण, हें कोणासच माहीत नाहीं. मॅथ्यू रायडर नांवाचा एक शास्त्रज्ञ काळाच्या ओघांत उलट जाऊन १९९१ मध्यें येतो, आणि त्या प्रवासांत 'वेव्हरायडर' नांवाच्या अद्भुत पुरुषांत त्याचें रूपांतर होतें. ज्याला तो स्पर्श करील त्याचें संभाव्य भविष्य त्याला दिसतें. मग तो एकेका नायकाला स्पर्श करीत हिंडतो: मोनार्क तो हाच काय?

ही कल्पना सामान्य नव्हे. वेव्हरायडर हा दुसरातिसरा कोणी नसून वाचकच आहे. प्रत्येक वार्षिकांक हा एकेक तर्क आहे. एका अंकांत सुपरमॅन अमेरिकेचा अध्यक्ष होतो. दुसऱ्यांत जगांतील अण्वस्त्रें नष्ट करण्याच्या ध्यासानें तो इतका बेभान होतो कीं, बॅटमॅनला त्याच्यावर उठावें लागतें. म्हणजे 'मोनार्क कोण?' या बाळबोध प्रश्नाच्या आड एक प्रौढ प्रश्न उभा होता: सत्पुरुषाच्या कोणत्या सद्गुणांतून जुलूम जन्मास येऊं शकतो? स्वस्त कागदावरील चित्रकथेंत असला प्रश्न पडावा, याचें आमच्या कांहीं समव्यवसायी मित्रांना नवल वाटेल. प्रस्तुत लेखकास तें तितकेंसें वाटत नाहीं.

उत्तर आधींच ठरलें होतें: कॅप्टन ॲटम. तें योग्यही होतें. नॅथॅनिएल ॲडम हा विमानदळांतील अधिकारी. १९६८ मध्यें लष्कराच्या एका प्रयोगांत तो सांपडतो आणि एकदम १९८६ मध्यें येऊन पडतो. मधल्या अठरा वर्षांत त्याच्या पत्नीनें त्याच्याच वैऱ्याशीं विवाह केलेला असतो आणि ती वारलेलीही असते. ज्याचें आयुष्य सत्तेनें हिरावून घेतलें, ज्याला काळाच्या उड्या नवीन नाहींत आणि ज्याच्या अंगीं अणूची शक्ति आहे, असा हा मनुष्य पुढें सत्ताधीश होऊन काळाशींच खेळूं लागला तर त्यांत आश्चर्य वाटेल, पण विसंगति वाटणार नाहीं. ॲरिस्टॉटलनें कलाटणीकडून हेंच अपेक्षिलें आहे: ती अनपेक्षित तर असावीच, परंतु पूर्वीच्या घटनांतूनच निघालेली असावी.

शेवटचा अंक निघण्यापूर्वींच हें उत्तर बाहेर फुटलें. डीसीनें घाईघाईनें शेवट बदलला. हॉक आणि डव्ह या जोडींतील डव्हला मोनार्क ठार करतो. संतापलेला हॉक मोनार्कला मारतो, त्याचें शिरस्त्राण काढून पाहतो, तों आंत त्याचाच चेहरा! मग तो स्वतःच तें चिलखत चढवितो. स्वभावाच्या दृष्टीनें पाहिलें तर ही उकल अगदींच टाकाऊ नाहीं. हॉक मुळांत संतापी, आणि डव्ह हा त्याच्या संतापाला घातलेला आवर; आवर गेल्यावर संताप मोकाट सुटतो, यांत खोटें काय? उणीव आहे ती पूर्वतयारीची. जोडीच्याच वार्षिकांकानें दाखविलेल्या भविष्याशीं हा शेवट नीटसा जुळत नाहीं. जें बीज पेरलें तें उगवलें नाहीं. जें उगवलें तें पेरलेलें नव्हतें.

या प्रकरणीं एक भेद केला पाहिजे. तर्क निराळा आणि चहाडी निराळी. कथेंतील खुणा जुळवून जो उत्तरापर्यंत पोंचतो तो लेखकाचा खरा मित्र; कचेरींतील कागद पाहून जो उत्तर बाहेर नेतो तो केवळ बातमीदार. डीसीचा राग चहाडीवर होता आणि तो समजण्यासारखाही होता. परंतु शिक्षा कोणास झाली? बातमीदाराचें कांहींच गेलें नाहीं. शिक्षा झाली ती प्रत्येक अंक मन लावून वाचणाऱ्यास. त्याचें उत्तर बरोबर होतें. परीक्षकानेंच प्रश्नपत्रिका बदलली. गंमत अशी कीं, पुढें २००७ च्या सुमारास डीसीनेंच कॅप्टन ॲटमला मोनार्कचें चिलखत चढविलें. सोळा वर्षें जुनें देणें असें फेडलें गेलें खरें. मूळ सावकार तोंवर दाराशीं उभा असेल असें वाटत नाहीं.

रहस्य फुटलें म्हणजे कथा मेली, ही प्रकाशकाची समजूत मुळांतच भ्रामक आहे. त्याच डीसीनें सहा वर्षांपूर्वीं, १९८५-८६ मध्यें, मार्व्ह वुल्फमन यांनीं लिहिलेली व जॉर्ज पेरेझ यांनीं चितारलेली 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्‌स' ही बारा अंकांची कथा काढली होती. तिच्या सातव्या अंकांत सुपरगर्ल मरते. आणि हें गुपित मुखपृष्ठावरच आहे, तिचें निष्प्राण शरीर हातांवर घेऊन सुपरमॅन आक्रोश करीत आहे! तरीही तो अंक वाचतांना मन हेलावतें. आठव्या अंकांत फ्लॅश ऊर्फ बॅरी ॲलन प्राण देतो. त्याची तयारी तर दुसऱ्या अंकापासून आहे. त्या अंकांत तो झिजत चाललेल्या छायेसारखा बॅटमॅनपुढें क्षणभर दिसतो आणि नाहींसा होतो. काळांतून धांवतां धांवतां तो मरणार आहे, हें त्या एका चित्रांत आहे. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकांत सीतेच्या विरहाचा शब्द रामाच्या तोंडून निघतो न निघतो तोंच प्रतिहारी कोणी आल्याची वर्दी देते, आणि येतो तो दुर्मुख. पुढें काय होणार हें प्रेक्षकांस ठाऊक असतें. म्हणूनच तो प्रसंग काळजाला झोंबतो.

वाचकाच्या औत्सुक्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'आर्मागेडन'चा शेवटचा अंक लिहिणारे डेनिस ओनील हे १९८८ सालीं बॅटमॅनच्या अंकांचे संपादक होते. त्या वर्षीं बॅटमॅनचा तरुण सहकारी जेसन टॉड जगावा कीं मरावा, याचा निर्णय डीसीनें वाचकांच्या हातीं दिला; दूरध्वनि करून मत नोंदवावयाचें, आणि प्रत्येक मतास पैसे पडावयाचे. मरावा म्हणणारीं मतें ५३४३, जगावा म्हणणारीं ५२७१. बहात्तर मतांनीं एका मुलाचा जीव गेला. येथें तर्कच उरला नाहीं. जो वाचक कालपर्यंत 'पुढें काय होईल?' असें भीतभीत विचारीत होता, तो आतां 'असेंच होऊं द्या' म्हणूं लागला. लेखकानें वाचकास ठकविणें हा जसा एक दोष, तसा त्याच्या हातीं लेखणी देऊन आपण मोकळें होणें हा दुसरा. आणि आमच्या मतें तो पहिल्याहून मोठा आहे.

त्यांतही हीं मरणें टिकाऊ नसतात. जेसन २००५ मध्यें परत आला. १९९२ च्या अखेरीस मेलेला सुपरमॅन दुसऱ्याच वर्षीं उठला. मार्व्हलचा कॅप्टन अमेरिका २००७ मध्यें पडला, तो दोन वर्षांनीं उभा राहूं लागला. बॅरी ॲलननें मात्र तेवीस वर्षें मरणाची लाज राखली. तोही २००८ मध्यें आलाच. याचा परिणाम तर्काच्या जातीवर झाला आहे. आजचा चतुर वाचक म्हणतो, 'अमक्याचा चित्रपट पुढल्या वर्षीं येणार, तेव्हां हा कांहीं मरत नाहीं. तमक्याची मालिका खपत नाहीं, तेव्हां याची घटका भरली.' त्याचें भाकीत पुष्कळदां खरेंही ठरतें. परंतु हें भाकीत त्यानें कथा वाचून केलेलें नसतें, प्रकाशकाची खतावणी वाचून केलेलें असतें. नायकाच्या स्वभावाकडे पाहण्याचें त्याला कारणच पडत नाहीं. आणि असा वाचक घडविल्याचा दोष त्याच्या एकट्याच्या माथीं मारतां येत नाहीं. खुणा जुळविणाऱ्यास ज्यांनीं १९९१ मध्यें खोटें पाडलें, त्यांनींच त्याला पात्रांवरून दृष्टि काढून हिशेबावर लावावयास शिकविलें.

या दोन्ही कथा आज सलग वाचतां येतात. आतां कोणतेंच रहस्य उरलेलें नाहीं. फ्लॅश मरतो हेंही ठाऊक, मोनार्क कोण हेंही ठाऊक. 'क्रायसिस'चा दुसरा अंक पुन्हां उघडला म्हणजे बॅटमॅनपुढील ती झिजणारी छाया पहिल्या वाचनाच्या वेळेपेक्षां अधिक वेळ पाहत राहावीशी वाटते. 'आर्मागेडन' पुन्हां वाचावयास घेतली तर वेव्हरायडराबरोबर आपण सुपरमॅनच्या घरीं जातों, बॅटमॅनच्या घरीं जातों, आणि हॉक-डव्हच्या वार्षिकांकापाशीं येऊन थबकतों. कारण शेवटीं जें घडणार आहे तें तेथें कोठेंच नाहीं.